सोलापूरहून एका दिवसात विजापूर, गाइड घेऊन

विजापूर सोलापूरकरांच्या इतकं हाताशी आहे की बहुतेकांना ते बघून झालंय असंच वाटत असतं. शाळेच्या सहलीत गोल घुमटात जाऊन ओरडून आलेलो असतो आणि तेवढ्यावर भागवतो. इब्राहिम रोजा, म्हणजे गोल घुमटाआधीच्या सुलतानाचा मकबरा, त्या सहलीत राहून गेलेला असतो, किंवा बसच्या खिडकीतून दाखवलेला असतो. खरं तर शंभर किलोमीटरच्या आसपासच्या या शहरात एक भरगच्च दिवस नीट घालवता येतो. त्यासाठी दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: ठिकाणांचा क्रम आणि गाइड.

गाइड कशाला, असं विचाराल. इथल्या इमारतींवर मजकूर भरपूर कोरलेला आहे, पण तो फारसी आणि अरबीत. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाट्यांवर चार-सहा ओळींच्या पुढे काही मिळत नाही. आणि दंतकथा तर पावलोपावली. कोरीव लेखात काय आहे आणि लोक काय सांगतात, हे वेगळं करून सांगणारा माणूस सोबत असला तर दिवस कारणी लागतो. नसला तर सगळे घुमट दुपारपर्यंत सारखेच दिसायला लागतात.

दिवस कुठला निवडायचा

शुक्रवार टाळा. गोल घुमटासमोरच्या नगारखान्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि जामा मशिदीत दुपारची नमाज असल्यामुळे तिथेही नीट बघता येत नाही. रविवारी गर्दी असते. डिसेंबर-जानेवारीत हवा सगळ्यात चांगली, पण शाळांच्या सहलीही तेव्हाच निघतात. गोल घुमटाच्या सज्जात दोनशे पोरं एकदम ओरडत असतील तर कुजबुज कसली ऐकू येणार! म्हणून त्या दोन महिन्यांत जायचं तर मंगळवार ते गुरुवारमधला एखादा दिवस, आणि फाटकावर सकाळी लवकर हजर.

संक्रांतीचा आठवडा सोडून द्या. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तशीच विजापुरातही सिद्धेश्वराची जत्रा भरते. दोन्हीकडची वाहतूक तुंबते. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका, दगड तापतो. जुलै-ऑगस्ट मात्र लोक उगाच टाळतात. हा पट्टा कमी पावसाचा. ढगाळ हवेत फिरायला ऊन लागत नाही आणि काळा बेसॉल्ट फोटोत नीट उतरतो.

जायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच नाही. राष्ट्रीय महामार्ग ५२ चौपदरी आहे. टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक लागतं. सकाळी सहाला निघालात तर आठच्या सुमारास गोल घुमटाच्या दारात. भाड्याची गाडी करणार असाल तर ठरवतानाच तीन गोष्टी विचारून घ्या: टोल भाड्यात धरलाय का, परराज्याचा टॅक्स कोण भरणार, आणि शहरात फिरण्याचे किलोमीटर वेगळे लावणार का. गाडीवाल्याशी परतल्यावर होणारा वाद ९० टक्के वेळा याच तिन्हींवरून होतो.

बसने जायचं तर एसटी आणि कर्नाटकच्या अशा दोन्ही गाड्या मिळतात. महिलांना एसटीत मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच लागू आहे, पुढे पूर्ण भाडं. कर्नाटकातला महिलांचा मोफत प्रवास तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे, तेव्हा आधार कार्ड दाखवून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आणखी एक: सीमाप्रश्न तापला की दोन्ही बाजूंच्या बस हद्दीवर थांबवल्या जातात. त्या दिवसांत आदल्या रात्री स्टँडवर चौकशी करूनच बॅग भरा.

रेल्वेचा मार्ग होटगीवरून जातो. विजापूर स्टेशन गोल घुमटाच्या अगदी जवळ, गाडी शहरात शिरतानाच घुमट दिसायला लागतो. फक्त परतीची गाडी तुमच्या सोयीची आहे का ते बघा. जाताना रेल्वे आणि येताना बस हा मेळ बऱ्याचदा बरा पडतो. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून विजयपुर झालंय, त्यामुळे तिकिटाच्या ॲपवर ते नाव टाकून शोधा. बोलताना विजापूर म्हटलं तर तिथेही कुणाचं अडत नाही.

गाइड ठरवताना

गाइड गोल घुमटाच्या फाटकापाशीच भेटतात. पर्यटन खात्याचं ओळखपत्र गळ्यात असलेला माणूस बघा, नसेल तर मागा. राग मानणारा गाइड तसाही नको. कर्नाटक पर्यटन महामंडळाचं ‘मयूरा आदिलशाही’ हॉटेल शहरात आहे, तिथेही आधी फोन करून गाइडची विचारणा करता येते. मोठा गट असेल तर ते केलेलंच बरं.

भाषेचं काय? कन्नड आणि दख्खनी वळणाची हिंदी सगळ्यांना येते, इंग्रजी बऱ्याच जणांना, मराठी काहींना. माझं मत विचाराल तर मोडक्या मराठीचा हट्ट धरण्यापेक्षा त्याच्या दख्खनी हिंदीत ऐका. सोलापुरी कानाला ती परकी वाटत नाही, आणि गाइडही खुलून बोलतो.

सौदा करताना हे बोलून घ्या:

- पैसे एका इमारतीचे की पूर्ण दिवसाचे? नुसतं ‘गाइड पाहिजे’ म्हटलं तर तो फक्त गोल घुमट दाखवतो, आणि तेवढ्याचेच पैसे असतात.
- ठिकाणांची नावं एकेक करून सांगा. निदान इब्राहिम रोजा, मुलूखमैदान तोफ, उपळी बुरूज, गगन महाल, बारा कमान आणि जामा मशीद.
- तुमच्या गाडीत तो बसणार का? जागा नसेल तर त्याचा रिक्षाखर्च कोणाचा?
- जेवण तुमच्यासोबत की तो घरी जाऊन येणार? घरी गेला की तासाचे दीड तास होतात.
- दुकानात नेणार नाही, हे हसत हसत पण स्पष्ट सांगा.

गट पंधराच्या वर असेल तर दोन गाइड घ्या. मागच्यांना ऐकू येत नाही, मग ते मोबाइल काढतात आणि पांगतात.

गाइड चांगला आहे की पाठ केलेलं बोलतोय हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. ‘हा जगातला दुसऱ्या नंबरचा घुमट’ असं तो म्हणाला की विचारा, पहिला कुठला, आणि माप आतलं की बाहेरचं? गोल घुमटाचा बाहेरून व्यास ४४ मीटरच्या आसपास आहे, आतून सुमारे ३८. बांधला तेव्हा जगातल्या मोजक्या मोठ्या घुमटांत तो होता यात वाद नाही. आज क्रीडागृहांवर याहून कितीतरी मोठी छतं उभी आहेत. एवढं मोकळेपणाने कबूल करणारा गाइड भेटला तर दिवसभर सोडू नका.

गोल घुमट: बोलणं बाहेर, ऐकणं आत

तिकीट खिडकीवर किंवा मोबाइलवर क्यूआर स्कॅन करून काढता येतं. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आत गेल्यावर लगेच इमारतीत शिरू नका. गाइडला हिरवळीवरच थांबवा आणि सगळा इतिहास तिथे सांगायला लावा. आत प्रत्येक शब्दाचे सात-आठ प्रतिध्वनी उठतात, समजावून सांगणं अशक्य होतं. बहुतेक गाइड सवयीने आत नेऊन बोलतात आणि ऐकणारे नुसती मान हलवतात.

बाहेर उभं राहून काय बघायचं? हा मुहम्मद आदिलशहाचा मकबरा. त्याने १६२७ ते १६५६ राज्य केलं. म्हणजे शहाजीराजे याच्याच दरबारी सरदार होते, आणि शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या हालचाली याच्याच काळातल्या. बांधकाम त्याच्या हयातीतच चाललं होतं. दक्षिणेच्या दारावर तीन लहान फारसी वाक्यं कोरलेली आहेत. अक्षरांना आकडे देऊन बेरीज केली की प्रत्येक वाक्यातून एकच साल निघतं: हिजरी १०६७, त्याच्या मृत्यूचं. गाइडला ती वाक्यं वाचून अर्थ सांगायला लावा. त्याच दारावर साखळीने टांगलेला एक दगड दिसेल. त्याला बिजली पत्थर म्हणतात, आणि इमारतीवर वीज पडू नये म्हणून तो लावलाय अशी समजूत आहे.

आत एकच दालन आहे, मधे एकही खांब नाही. १,७०० चौरस मीटरची जमीन आणि वर एवढा घुमट, मग भार कुठे जातो? कोपऱ्याकडे मान वर करून बघा. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनाचा आधी अष्टकोन करतात आणि त्यावर गोल बसतो. घुमटाचं ओझं या कमानी आतल्या बाजूला ओढून धरतात, त्यामुळे भिंती बाहेर ढकलल्या जात नाहीत. बघायची खरी गोष्ट ही आहे, प्रतिध्वनी हा तिचा जोडधंदा.

मधल्या चौथऱ्यावर लाकडी छत्रीखाली मुहम्मद, त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची नर्तकी यांच्या कबरी दिसतात. त्या नुसत्या खुणेच्या. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. रंभेने सुलतानाच्या शब्दाखातर वरून उडी मारली असं गाइड सांगेल. ऐकायला हरकत नाही.

मग जिना. कोपऱ्यातल्या सात मजली अष्टकोनी मनोऱ्यांमधून वर जायचं, पायऱ्या शंभराहून जास्त, अरुंद आणि उंच. गुडघेदुखी असणाऱ्यांनी खालीच थांबावं. संग्रहालय दहाला उघडतं, तिथे त्यांचा वेळ छान जातो. चढताना मधेच थांबू नका, मागच्यांची रांग तुंबते. वर पोचलात की आधी बाहेरच्या गच्चीवर या. गाइडला इथून शहर दाखवायला सांगा: मधे बालेकिल्ला, पश्चिमेला उपळी बुरूज, त्याच्याही पलीकडे इब्राहिम रोजाचे मिनार. दिवसभराचा रस्ता एका नजरेत येतो.

आता सज्जा, खालच्या जमिनीपासून साधारण ३३ मीटर वर. इथे एक रीत पाळा. गटातले अर्धे लोक एका बाजूला भिंतीला पाठ टेकून बसवा, अर्धे बरोबर समोर. सगळे गप्प. मग एकाने भिंतीकडे तोंड करून, अगदी शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू, समोरच्याचं नाव घ्यायचं. आवाज गोल भिंतीला धरून सरकत जातो आणि पलीकडच्याला कानात बोलल्यासारखा ऐकू येतो. गाइड कागद फाडून दाखवतात, तोही नीट ऐकू येतो. टाळी एकदाच वाजवा आणि प्रतिध्वनी मोजत बसा. पुढच्या गटाने शिट्ट्या सुरू केल्या की संपलं, म्हणून सकाळी लवकर यायचं. सज्जाच्या कठड्याशी लहान मुलांचा हात सोडू नका.

इथे दोन तास जातात, जाऊ द्या.

शहराच्या मधून

पुढचा क्रम पूर्वेकडून पश्चिमेकडे. उलटसुलट फिरलात तर बाजारातल्या रहदारीतच अर्धा दिवस जाईल. गाडी एका जागी लावून मधला टप्पा टांग्याने करता येतो. विजापुरात टांगे अजून आहेत, आणि मुलांना टांगा घुमटापेक्षा जास्त आवडतो. भाडं चढण्याआधी ठरवा.

जामा मशीद पहिल्या अली आदिलशहाने सुरू केली. तो विजयनगरविरुद्धच्या १५६५च्या तालिकोट लढाईतल्या विजेत्यांपैकी एक, आणि विजापूरच्या मोठ्या बांधकामांना त्या विजयानंतर जोर चढला. मशिदीच्या जमिनीवर मुसल्ल्याच्या (नमाजाच्या चटईच्या) आकाराचे २,२५० चौकोन आखलेले आहेत. नमाज चालत असलेली मशीद आहे: पाय-खांदे झाकलेले कपडे, डोक्यावर रुमाल, चपला बाहेर, आणि मेहराबचा (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याचा) पडदा परवानगी मिळाली तरच बाजूला. पडद्यामागचं सोनेरी रंगकाम बघण्यासारखं आहे, तेव्हा गाइडला तिथल्या सेवकाशी बोलायला सांगा. वाटेत मेहतर महाल लागतो. नाव महाल असलं तरी ते मशिदीचं प्रवेशद्वार आहे. सज्जाखालचे कोरीव दगडी तीर बघा, लाकूडकाम वाटावं असे. दहा मिनिटं पुरे.

गगन महाल आता नुसता सांगाडा आहे, मधली कमान तेवढी थक्क करते. इथे थांबायचं कारण १६८६. औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि शेवटचा सुलतान सिकंदर आदिलशहा त्याच्यासमोर इथे शरण आला. जवळच बारा कमान, दुसऱ्या अली आदिलशहाचा मकबरा. अफझलखानाला १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर पाठवलं ते याच्याच कारकिर्दीत. बाप मुहम्मदाच्या गोल घुमटापेक्षा मोठा मकबरा बांधायला घेतला आणि तो अर्धवट राहिला. काळ्या कमानींची रांग उघड्या आभाळाखाली उभी आहे. फोटोसाठी गर्दी असते, इतिहास ऐकायला फारसं कुणी थांबत नाही.

मराठी गटातला कुणीतरी इथे हमखास विचारतो: अफझलखानाच्या बायकांच्या कबरी कुठे? ती जागा, साठ कबर, शहराबाहेर पश्चिमेला आहे. मोहिमेवर जाण्याआधी खानाने आपल्या बायका विहिरीत बुडवून मारल्या अशी कथा. चौथऱ्यावर सारख्या आकाराच्या कबरींच्या रांगा मात्र खऱ्या. रस्ता आडबाजूचा आहे, वेळ जातो. हवंच असेल तर सौदा करतानाच यादीत घाला, नाहीतर ऐनवेळी इब्राहिम रोजाचा तास जातो. खान स्वतः पुरला गेला तो प्रतापगडाच्या पायथ्याशी.

जेवण

साडेबारा ते दीड. हॉटेलच्या मेनूकार्डाच्या नादी न लागता लिंगायत खानावळ गाठा, गाइडला घरगुती चवीची सांगायला लावा. ज्वारीची भाकरी कडक किंवा मऊ, भरल्या वांग्याची एण्णेगाई, मोडाची उसळ, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, दही. शेंगाचटणी सोलापूरची चांगली की विजापूरची, हा वाद तिथे काढू नका. ताटात वाढणारा माणूस समोर असतो.

मुलूखमैदान आणि उपळी बुरूज

जेवणानंतर पश्चिमेच्या तटाकडे. उपळी बुरूज हैदरखानाने १५८४ मध्ये बांधला, उंची २४ मीटर. जिना बाहेरून वळत जातो आणि कठडा पुरेसा नाही, म्हणून मुलं आतल्या बाजूने. वर लांबलचक तोफा आहेत. ऊन कडक असेल तर हा खालून बघून सोडला तरी चालेल.

मुलूखमैदान सोडू नका. तोफेचं मूळ नाव मलिक-ए-मैदान, रणांगणाचा स्वामी. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी असलेल्या रूमी (तुर्की) कारागिराचं नाव तिच्यावर आहे. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने तिथून विजापूरला आणवली. धाराशिव जिल्ह्यातला परांडा बघितला असेल तर ५५ टन वजनाचं हे धूड तेवढ्या वाटेने कसं ओढलं असेल याचा अंदाज करत बसा.

तोंडाजवळ उकिडवं बसून नीट बघा. सिंहासारखा जबडा वासलेला आहे, आणि दोन्ही बाजूंच्या दातांमध्ये चिरडला जाणारा हत्ती. डोळे, कान, सुळे सगळं ओतकामात घडवलेलं. वर औरंगजेबाने विजय मिळाल्यावर कोरवलेला लेख आहे. १८५४ मध्ये ही तोफ लिलावात १५० रुपयांना गेली होती. किंमत फारच कमी वाटल्याने विक्री रद्द झाली, म्हणून ती अजून बुरुजावर आहे. गाइड बोटाने टिचकी मारून घंटेसारखा नाद ऐकवेल. शेजारच्या हौदाबद्दल तो सांगेल की बत्ती दिल्यावर गोलंदाज कानठळ्या टाळायला त्यात उडी मारायचा.

तटावरून जाता-येता शहरात मधेच उभे असलेले चौकोनी दगडी मनोरे दिसतील. त्यांना गंज म्हणतात. तोरवी आणि बेगम तलावाचं पाणी नळातून शहरात यायचं, त्याचा दाब या मनोऱ्यांत मोडला जायचा. सहसा कुणी दाखवत नाही. विचारल्यावर ज्याचा चेहरा उजळतो तो गाइड अभ्यासू.

इब्राहिम रोजा, शेवटी आणि निवांत

हा दुपारी चारच्या पुढे. पश्चिमेच्या तटाबाहेर एकाच जोत्यावर मकबरा आणि मशीद समोरासमोर, मधे हौद. तिकीट वेगळं. दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८० ते १६२७) इथे आहे. गाण्याचा वेडा, ‘किताब-ए-नवरस’ लिहिणारा, आणि ‘जगद्गुरू’ म्हणवला जाणारा सुलतान. रोजा बांधण्याची आज्ञा राणी ताज सुलतानाची आणि काम मलिक संदलचं, असं इथल्या लेखातच आहे. पहिला हक्क राणीचा होता म्हणतात, पण तिथे आधी सुलतानच गेला.

ताजमहालाची कल्पना इथूनच घेतली असं गाइड सांगतीलच. ते ऐकून घ्या, आणि मग त्यांना तीन गोष्टी दाखवायला लावा. एक, खिडक्यांच्या दगडी जाळ्या: नक्षीऐवजी अक्षरंच कोरून आरपार काढलीत, आणि उजेड त्या अक्षरांमधून आत येतो. दोन, कबरीवरचं सपाट दगडी छत: मधे आधार नाही, दगड एकमेकांना धरून आहेत. तीन, मशिदीच्या छज्जावरच्या दगडी साखळ्या, एकाच दगडातून कड्या सुट्या केलेल्या. तिरप्या उन्हात भिंतींवरचं उथळ कोरीव काम उठून दिसतं; सकाळी आलात तर तेच काम सपाट वाटतं.

इथेही चपला जिथे सांगतील तिथे काढा, दगड तापलेला असेल तर मोजे असू द्या.

गाइडचे पैसे इथेच द्या, ठरले तेवढे, आणि मनापासून सांगितलं असेल तर वर थोडे. गाडीवाले परत शहरात न शिरता बाहेरूनच महामार्गाला लागा. बसने जाणाऱ्यांनी साडेपाचला रिक्षा धरून स्टँड गाठावा, आणि सुटणारी पहिली सोलापूर गाडी कुठल्या राज्याची आहे हे न बघता तिच्यात चढावं.